मी कुठं ओरडले?

माझा आवाज मोठा आहे, स्वभाव नाही. हे मी आजवर कितीतरी जणांना समजावून सांगितलं, आणि ऐकताना जो तो अर्धं पाऊल मागं सरकला.

अंबाजोगाईत आमची पिठाची गिरणी आहे. आधी सासरे चालवायचे. ते थकले, नवऱ्याची नोकरी बाहेरगावची, म्हणून मी पट्ट्यापाशी उभी राहिले ती आजपर्यंत उभीच आहे. गिरणी चालू असताना गिऱ्हाइकाला "गव्हावर गहू टाकू का थांबता?" एवढं विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून बोलावं लागतं, कारण बाजरीवर कुणाचा गहू पडला तर ती बाई पुढं वर्षभर तोंड फिरवून जाते. मोटार बंद झाली की आवाज खाली यायला हवा, पण तो कुठला येतोय! माझ्या कानाला तो साधाच वाटतो. घरी पोळी वाढताना, देवळात, दवाखान्यात, सगळीकडं मी त्याच आवाजात बोलते आणि लोक माझ्याकडं वळून बघतात.

मला विचाराल तर मी हळवी बाई आहे. शेजारी कुणी आजारी पडलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मुंग्यांच्या रांगेवर पाणी ओतायला माझा हात धजत नाही. म्हाताऱ्या बायकांचं दळण मी स्वतः डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, त्यांच्या डोक्यावर नीट ठेवून देते. आणि गल्लीत माझी ख्याती काय, तर गिरणीवाली लई कडक. पलीकडची सून आपल्या पोराला भरवताना म्हणते, "गप जेव, न्हाईतर गिरणीवाल्या मावशीकडं देते." पोरगं भराभरा जेवतं. माझ्या नावानं गल्लीतली निम्मी पोरं जेवली असतील, पण एकही कधी माझ्या मांडीवर येऊन बसलं नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझ्या धाकट्या भावाची बायको आहे ना, ती सहन होत नाही.

माझं माहेर घाटनांदूर. दोघं भाऊ तिथं एकत्र राहतात, शेती करतात. मोठ्याला मी दादा म्हणते, त्याची बायको वहिनी. धाकट्याच्या बायकोला सगळे धाकटी म्हणतात. ती मला अक्का म्हणते, आणि असं म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईला माझ्याशिवाय जगात कुणी नाही. तिचा आवाज इतका बारीक की ती बोलायला लागली की समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. वाकला की माणूस आपोआप नरम होतो. मी बोलायला लागले की माणूस ताठ होतो. मी मनातलं सगळं प्रेम ओतून "या, बसा" म्हटलं तरी पाहुणा आधी दाराकडं बघतो. धाकटी नुसती "या" म्हणते आणि तो पाय पसरून बसतो. पुरणपोळी मी केली तर "झाली का?" आणि तिनं केली तर "वा!" पुरण तेच, गूळ तोच, पीठ तर माझ्याच गिरणीतलं.

आमच्या घराण्यातल्या मुलींच्या लग्नात पाठराखीण म्हणून कायम तीच जाते. नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एक बाई सोबत जाते ना, ती पाठराखीण. परक्या घरात नवरीला तहान लागली, भूक लागली, लाज वाटली, रडू आलं, तर ते ओळखायचं आणि तिच्या वतीनं बोलायचं, एवढंच तिचं काम. निघताना मुलाकडचे तिला साडी नेसवतात. धाकटीच्या कपाटात अशा साड्यांची चळत आहे. दिवाळीत मी गेले की ती एकेक उलगडून दाखवते, "ही तुमच्या चुलत भाचीच्या लग्नातली, अक्का. ही थोरल्या मामंजींच्या नातीच्या." मी "छान आहे" म्हणते आणि अंगाची नुसती आग होते. मला एकदाही कुणी पाठराखीण म्हणून पाठवलेलं नाही. कुणाच्या तोंडी माझं नावसुद्धा आलं नव्हतं.

पण दादाच्या मुलीची गोष्ट वेगळी होती. ती दहावी झाली आणि शिकायला माझ्याकडं अंबाजोगाईला आली. अकरावीपासून पदवीपर्यंत राहिली. मला दोन्ही मुलगेच, तेही आता पुण्याकडं. ही माझी भाची घरात आली आणि मला पहिल्यांदा कुणाच्या वेण्या घालायला मिळाल्या. तिची खोली गिरणीच्या भिंतीला लागून. आधी मला वाटलं, पोरगी अभ्यास कशी करणार, झोपणार कशी. तर तिला त्या आवाजाची अशी सवय झाली की दुपारी गिरणी चालू असली की ती भिंतीला पाठ लावून गाढ झोपायची, आणि लाईट जाऊन गिरणी थांबली की दचकून उठायची. "काय झालं गं?" म्हणून बाहेर यायची. मी म्हणायचे, "काई न्हाई, लाईट गेली. झोप."

तिचं लग्न ठरलं शिरूर कासारकडल्या एका गावात. मुलाचं खत-बियाण्याचं दुकान, घरची माणसं बरी. ठरल्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. बाकी साऱ्या मुलींची पाठराखीण तू हो बाई, पण या पोरीबरोबर मी जाणार. मी ते गल्लीभर सांगूनही टाकलं. गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलं, घरचे लग्न असल्यामुळे गिरणी बंद राहील. कुणी विचारलं, इतके दिवस कशाला बंद, की मी सांगायचे, "पाठराखीन चाल्ले ना मी भाचीची." नवऱ्यानं एकदा हळूच विचारलं, "त्यांनी सांगितलंय का तसं?" मी म्हटलं, "सांगायचं काय त्यात? पाच वर्सं कुणापाशी ऱ्हायली पोरगी?"

लग्नाआधी शेवया करायला माहेरी गेले. ओसरीत गल्लीतल्या बायका बसल्या होत्या, पाटावर शेवया वळत होत्या. बोलता बोलता वहिनी म्हणाली, "पाठराखीन म्हणून धाकटीच जाईल. तिचं म्हायेर शिरूरकडलं, तिला तिकडली रीत ठावं हाय."

मी म्हटलं, "कावून? मी हाय की."

मी अगदी साधं म्हटलं होतं. पण सगळ्या बायकांचे हात थांबले. खांबापाशी झोपलेलं मांजर उठून चालतं झालं. वहिनी म्हणाली, "ओरडू नका ना वन्सं, भाईर पाव्हणे बसलेत."

"मी कुठं ओरडले?"

तेवढ्यात बाहेरून दादाचा आवाज आला, "अगं, तुला धाडली तर मुराळ्याचं कामच उरायचं न्हाई! कुणी जरा वाकडं बोललं का दुसऱ्याच दिशी पोरीला घिऊन तूच माघारी येशील." नवरीला काही दिवसांनी माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. सगळे हसले. पाहुणे हसले, शेवया वळणाऱ्या बायका हसल्या. धाकटी तोंडाला पदर लावून हसली, तेही आवाज न करता. माझी भाची तिथंच होती, तिनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. दादाच्या हसण्याचं मला काही नाही, तो लहानपणापासून हसतोच. पण पोरीनं "आत्या येऊ दे" एवढं म्हणायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटत होतं.

हळदीच्या दिवशी त्याहून वाईट झालं. भाचीच्या मैत्रिणी अंबाजोगाईहून आल्या होत्या. आतल्या खोलीत मेंदी काढत बसल्या होत्या, आणि मी दारातून पाण्याची घागर घेऊन चालले होते. आतून कुणी बाई खेकसली, "जेवलीस का गं! नीट जेव! वरण-भात तसाच ठिवू नको!" मी दचकून थांबले. लग्नघरात पोरींवर कोण इतकं ओरडतंय? पोरी खो-खो हसत होत्या. एक म्हणाली, "लाव की अजून एकदा." पुन्हा तीच बाई खेकसली. तेव्हा मला कळलं की मोबाइलवर माझाच आवाज लावलाय. भाची परीक्षेला औरंगाबादला गेली होती तेव्हा मी रोज तिला बोलून निरोप पाठवायचे, त्यातला तो एक.

तो निरोप पाठवताना माझे डोळे भरून आले होते, मला चांगलं आठवतं. पोरगी परक्या गावात, खानावळीचं अन्न, पोटभर जेवत असेल का, या विचारानं मी तो बोलले होते. मोबाइलमधून मात्र एखादी जमादारीण बोलत होती. मैत्रीण म्हणाली, "बाई गं, ही जेवायला घालती का मारती?" आणि माझी भाची हसली. मी घागर घेऊन तशीच पुढं गेले. त्या दिवशी मी कुणाशी फार बोलले नाही, आणि सगळे म्हणाले, आज आत्या शांत हाय, काम कसं झटपट उरकलं.

लग्न लागलं. पोरीला वाटी लावायची, सासरी पाठवायची वेळ आली. सगळ्या बायका रडत होत्या, मीही रडले. माझं रडणं इतकं मोठं झालं की बँडवाल्यानं वाजवायचं थांबवून बघितलं. वहिनी मला धरून बाजूला घेऊन गेली. मी गिरणीतून ताजं दळून आणलेलं डाळव्याचं पीठ डब्यात भरून आणलं होतं, पोरीला गूळ घालून खायला आवडतं म्हणून. ते मी गाडीच्या खिडकीतून दिलं. पोरीच्या हातात हिरवा चुडा आणि बटवा, तिनं घ्यावं कसं? धाकटीनं घेतलं. मांडीवर ठेवलं. मग दुसरा हात पोरीच्या खांद्यावर टाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. पोरीनं मान हलवली आणि तिचं रडू थांबलं. काय बोलली कुणास ठाऊक. त्या एका हाताचा मला इतका राग आला की गाडी वळेपर्यंत मी फक्त तो हातच बघत होते, पोरीकडं बघायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी अंबाजोगाईला परतले आणि मोठीच पंचाईत झाली. गल्लीभर सांगून ठेवलेलं की मी पाठराखीण चाललेय. आता गिरणी उघडावी तर प्रत्येक डबेवाली विचारणार. मी शटर खाली ओढून घरातच बसले. बाया यायच्या, दारावरचं वाचायच्या, मला ऐकू जाईल अशा बोलायच्या, "गेली बाई पाठराखीन म्हणून. त्या घरच्यांचं काई खरं न्हाई." दुसरी म्हणायची, "चार दिस गल्ली तरी गप ऱ्हाईल." मी आत मटकी निवडत बसलेली. खोकलासुद्धा पदरात खोकत होते.

त्या बंद घरात मी एक गोष्ट करून बघितली. हळू बोलायचा सराव. धाकटीसारखा गळा आवळून, ओठ जरासे उघडून, लग्नासाठी रजेवर आलेल्या नवऱ्याला म्हटलं, "चहा ठेवू का?" तो म्हणाला, "काय?" मी पुन्हा म्हटलं. त्यानं पेपर खाली ठेवला, माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "बरं वाटत न्हाई का?" मी म्हटलं, "मला कुठं काय झालंय!" तर तो म्हणाला, "हां, आता ठीक हाय," आणि पुन्हा पेपर उचलला.

दुपारी फोन वाजला. भाचीचा. मी धडपडत उचलला. पलीकडं गलका होता, बायकांचे आवाज, भांडी, कुणीतरी घंटी वाजवत होतं. सत्यनारायण असणार. त्यात भाची काहीतरी कुजबुजली.

"काय? मोठ्यानं बोल."

ती पुन्हा कुजबुजली. गिरणीनं माझे कान आधीच अर्धे खाल्लेले. मला फक्त "आत्या" एवढंच कळलं. माझ्या जागी धाकटी असती तर तिला ती कुजबुज शब्दन् शब्द समजली असती, हेही त्या घाईत माझ्या मनात येऊन गेलंच. मी म्हटलं, "रडायलीस का? कुणी काई म्हणलं का?" मग तिनं बहुतेक फोन तोंडाशी धरला असावा, कारण एकदम स्पष्ट ऐकू आलं.

"आत्या, स्पीकर लावायले. तू बोल."

"काय बोलू?"

"मला रोज काय इचारायचीस, ते."

माझं डोकं चालेना. मला हळदीची खोली आठवली. त्या पोरी आठवल्या, हसणं आठवलं. वाटलं, आता सासरच्यांनाही माझी गंमत दाखवायची आहे का हिला? क्षणभर फोन बंद करावा वाटलं. पण पोरगी म्हणाली बोल, तर मी बोलले. शटर खाली होतं, गल्ली कान लावून होती, तरी बोलले.

"जेवलीस का गं?"

पलीकडचा सगळा गलका थांबला. शेवयांच्या पाटावर बायकांचे हात थांबले होते ना, तसाच. घंटीही थांबली. मग एका म्हातारीचा आवाज आला, माझ्याच जातीचा खणखणीत, म्हणून मला ऐकू आला, "अगं बया! नवरी सकाळधरनं उपाशी हाय का? आन् कुणाच्या ध्यानात न्हाई? वाढा गं तिला आदी, पुजा कुठं पळून चाल्ली न्हाई!" लगेच ताटवाट्या वाजल्या आणि फोन बंद झाला.

मी फोन हातात धरून तशीच बसले. थोड्या वेळानं तिचा संदेश आला. जेवले आत्या. पोटभर. आणि खाली, मुराळी म्हणून तू ये.

मला आनंद झाला, आणि खरं सांगते, तो काही फार चांगल्यातला आनंद नव्हता. पोरीच्या पोटात अन्न गेलं याचा झालाच. पण त्याच्याआधी मनात आलं ते हे की, मग तुमची ती लाडकी पाठराखीण काय करत होती तिथं? हा प्रश्न मी नवऱ्याला विचारला. त्यानं पेपरचं पान उलटलं. बाहेर गल्लीत एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं, ही घरातच हाय की!"

मांडव परतणीला पोरीला आणायला दादाबरोबर मी गेले. बायकांनी मुराळी म्हणून जायची आमच्याकडं रीत नाही, पण पोरीनं बापालाही तसंच कळवलं होतं, आणि दादा गाडीत बसताना म्हणाला, "चला, मुराळीनबाई." वाटेत मी मनाशी ठरवलं होतं. फोनवर जे झालं ते झालं, आता त्या घरात मी हळू बोलणार. त्यांनाही कळू दे की धाकटीच काय ती एकटी गोड नाही. गाडीतून उतरले, पदर नीट केला आणि दारात उभ्या असलेल्या विहीणबाईंना अगदी मऊ आवाजात म्हटलं, "बरं आहे ना सगळं?"

विहीणबाई म्हणाल्या, "आं? काय म्हणलात?"

मी अजून हळू म्हटलं. त्या घाबरल्यासारख्या झाल्या. भाचीनं माझा हात धरला आणि तरातरा आतल्या खोलीत नेलं. "आत्या, आसं कावून बोलायलीस? घसा बसला का?"

"न्हाई गं. म्हणलं, तुझ्या सासरी जरा नीट बोलावं."

"नीटच बोल की मग! तुझ्या नेहमीच्या आवाजात बोल. सासूबाई सकाळपासून समद्यांना सांगायल्यात, आज आत्याबाई येणार, सैपाक येळेवर झाला पायजे." एवढं बोलून ती बाहेर चहा आणायला गेली. मला हसावं की रडावं कळेना. या घरी मी पाऊल ठेवायच्या आधीच माझा स्वभाव ठरलेला होता, आणि तो पोरीनंच ठरवून ठेवला होता.

खोलीत धाकटी साड्यांच्या घड्या घालत होती. मुलाकडच्यांनी तिला नेसवलेली साडी वरच होती, पोपटी, डाळिंबी काठाची, मला शोभली असती अशी. मी विचारलंच, "पोरगी उपाशी होती तवा तू कुठं होतीस?"

ती काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही. मी जवळ सरकले.

"म्या दोनदा म्हणले अक्का, पोरगी उपाशी हाय. कुणाला ऐकूच गेलं न्हाई."

"मग मोठ्यानं म्हणायचं."

"मला येत न्हाई ना." तिनं साडीची घडी मोडून पुन्हा घातली. "पोरीनंच मग तुमाला फोन लावला. तुमाला वाटतं, मी लई गोड हाय म्हणून मला समदीकडं धाडतेत. मी काई बोलत न्हाई, म्हणून धाडतेत. तुमचा आवाज निघला का माणसं कसे उठून उभे ऱ्हातेत! मला लई जळायला होतं बगा अक्का."

माझ्यावर कुणी जळेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी मला इतकं गोड काही म्हटलं नव्हतं. पण तेसुद्धा तिनं अशा काही बारीक, लाघवी आवाजात सांगितलं की मला ते वाकून ऐकावं लागलं, आणि वाकल्याबरोबर मी नरमही झाले. म्हणजे जळतानाही तिचंच सरस. मी म्हटलं, "साडी चांगली हाय." तिनं लगेच ती माझ्यापुढं सरकवली, "घ्या तुमी." मी घेतली नाही. घ्यावीशी फार वाटत होती.

जेवणं झाली. जेवण वेळेवर झालं होतं. मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले आणि विहीणबाईंच्या जिवात जीव आलेला दिसला. त्या मला घराचं परस दाखवायला घेऊन गेल्या, शेळ्या दाखवल्या, आणि प्रत्येक शेळीबद्दल मला असं सांगितलं जसं काही मी तपासणीला आले होते.

निघताना मला वाटलं होतं, मागं पोरीजवळ बसावं. बॅगा, फराळाचे डबे आणि ओटीचं सामान भरून होईपर्यंत धाकटी मागं जाऊन बसली होती, भाची तिच्या शेजारी, पलीकडं दादा. माझ्या वाट्याला पुढची, ड्रायव्हरजवळची जागा आली. मांजरसुंब्याचा घाट यायच्या आधीच दादा घोरायला लागला. मी वळून बघितलं तर पोरगी धाकटीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. धाकटीचा हात तिच्या केसांवर. मी पाच वर्षं ज्या केसांच्या वेण्या घातल्या, त्या केसांवर. मला पुन्हा तीच आग लागली. मोठेपणा, समजूत, जे काही त्या खोलीत आलं होतं ते सगळं घाटात उतरून गेलं.

मग मी ड्रायव्हरशी बोलायला लागले. त्याला झोप लागू नये म्हणून, असं म्हणू. केजकडं यंदा कापूस कसा आहे, तुझं गाव कुठलं, तुमच्याकडं दळण विजेवर का अजून इंजिनावर. ड्रायव्हर ताठ बसून उत्तरं देत होता. मागून धाकटीनं माझ्या खांद्याला हात लावला. ओठांवर बोट ठेवून तिनं पोरीकडं नजर केली. "हळू, अक्का. झोपलीय ती."

मी गप्प झाले. गाडीत एकदम शांत झालं. मला काय करावं कळेना, म्हणून मी समोरच्या काचेतून रस्ता बघत बसले.

मागून भाचीचा झोपेतला, चिडका आवाज आला, आणि या वेळी मला तो नीट ऐकू आला. तिनं डोळे उघडले नव्हते, डोकंही काकीच्या खांद्यावरून उचललं नव्हतं.

"काकी, तिला बोलू दे की गं. ती थांबली का मला जाग येती."

मी गळा साफ केला. ड्रायव्हरला विचारलं, "मग, तुज्या घरी दळण कोण नेतं रे?" आणि अंबाजोगाई येईपर्यंत मी बोलत राहिले.